सातव्या ओळीवर हळद सांडली

किन्हीराजा
बुधवार, दुपार

दादाले वैभवीचा नमस्कार. आधी पाया पडते, भांडन मंग करते.

चार दिवसापासून मी झोपली नाही. शिवम रडते म्हनून नाही. तो आठ महिन्याचा झाला, दूध पेला का गपगार पडते, घरातलं रडाचं काम माह्याकडंच हाय. मी झोपली नाही ते तुह्या 'माप ओलांडून आले मी'च्या जाहिरातीपाई. पाळना हालून राह्यला, आत लेकरू नाही, मांगं एक बाई किंचाळते, अन् खाली लाल अक्षरात लिहून येते, 'शिवमचं काय झालं? येत्या रविवारी, सलग दोन तास.' बातम्यात येते, क्रिकेटात येते, साबनाच्या दोन जाहिरातीच्या मधात येते. दादा, दुनियेत लेकरायच्या नावाचा काय तुटवडा पडला होता, का सिरीयलमधल्या लेकराचं नाव बी तुले शिवमच ठेवा लागलं? बारशाले येता आलं नाही म्हनून तुनं फोनवर नाव इचारलं, तवा मले वाटलं मामाले कौतुक हाय. तू तर नाव लिहून घेऊन राह्यला होता.

बाकी इकडं बंदे खुशाल हाय. तू कसा हाय ते कळव. टायमावर जेवतं का, खोकला गेला का. हे मी फोनवरच इचारलं असतं, लेकिन बारा दिवसात सव्वीस वेळा फोन लावला अन् सव्वीस वेळा घंटी पुरी वाजून एका बाईनं इंग्रजीत काही तरी सांगून ठेवून देला. (बाई बोलते हे मी मायले सांगतलं नाही. माय लगेच लग्नाची तारीख काढन.) म्हनून बाबाच्या पेटीतून तुहं ते कार्ड काढलं, मांगच्या दिवाळीले तू मोठ्या ऐटीत देऊन गेला होता ते, अन् त्याच्यावरच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहून राह्यली. मी आठवीलोक शिकली, पत्र लिहाचं कधी काम पडलं नाही. अक्षर पाहून हासू नको. तुहं अक्षर काय मोठं मोत्यावानी हाय ते आता बंद्या घराले माहीत झालं हाय, अन् भांडन त्याचंच हाय.

तू लेखक झाला ते मले आजबी नवल वाटते. शाळेत तुनं निबंध लिहिला का मास्तर म्हनत, भागवत, गाय इचारली होती, गायीचं लग्न नाही. मंग तू कारंजाले कैलासचंदजीच्या फ्लेक्सच्या दुकानात लागला. वाढदिवसाचे बोर्ड बी तूच लिहे, श्रद्धांजलीचे बी तूच लिहे. बंद्या तालुक्याच्या खांबावर तुहेच शब्द लटकून राहत. अन् भाऊसिंगकाकाच्या वाढदिवसाले तुनं दोन फायली उलट्यापालट्या केल्या. शेलूबाजारच्या चौकात काकाचा हासरा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली, काका, तुमची पोकळी भरून निघणार नाही', अन् त्याच्या खाली चाळीस शुभेच्छुक. काका सोताच बोर्डाखाली उभे राहून सांगत, का बापा, मी जिता हावो. लोक वर पाहत अन् म्हनत, मंग हे कोनं लिहिलं? दोन गावचे पाहुने भेटाले येऊन गेले. काकूनं चहा पाजला, कोनी म्हनलं रडा लागते तर थोडं रडली बी. कैलासचंदजीनं तुले हात जोडले, अन् तू मुंबईच्या गाडीत बसला. (भाऊसिंगकाका अजून जिते हाय, सकाळी दोन भाकरी खातात. हे मी चार दिवसात शंभर वेळा मनात म्हनलं. तुहं लिहिलेलं खरं होत नाही, याचा माह्यापाशी येवढाच एक पुरावा हाय.)

मंग तुहा फोन आला, का मी टीव्हीचा लेखक झालो. बाबानं शेलूबाजारात पेढे वाटले. आमी बंदे टीव्हीपुढं बसलो, तुहं नाव पाहाले. शेवटी नावं अशी पळाली जशी थांबा नसलेली एसटी पळते. शिवमच्या बाबानं मोबाइलात शूटिंग घेतलं, दाबून दाबून थांबवलं, तवा एका कोपऱ्यात सापडलं, 'संवाद साहाय्य: भार्गव'. बाबा म्हने, हा कोन? तू म्हनला, मीच तो, मुंबईत भागवत म्हनलं का लोक चहा आनाले पाठवतात. (बाबाचं नाव उकंडराव. त्यायले मुंबईत कायले पाठवतीन देव जाने.) अन् संवाद साहाय्य म्हंजे काय, तर बंगल्यातल्या मोलकरनीले गावठी बोलवाचं. तिच्या तोंडी तू 'व्हय जी, आलो जी' लिहे अन् तिथल्या सायबायले वाटे का वा, काय अस्सल मातीतलं हाय. इथं आमच्या किन्हीराजात कोनती बाई 'व्हय जी' म्हनते ते एखाद्या सायबाले पाठवून पाहा. कोंबडं हाकलाच्या काठीनं हाकलन.

तुह्या धंद्याची रीत तूच मले सांगतली होती, दोन वेळा सांगा लागली तवा समजली. एक जन गोष्ट सांगते, दुसरा तिचे तुकडे करते, तिसरा बोलनं लिहिते, अन् मंग चॅनलची बाई येऊन बंदं खोडते. चार शिकलेले मानसं मिळून एका सुनेले रडवतात. (इथं सासूबाई एकट्याच करतात, अन् त्या शाळेत गेल्या नाही.) अन् दर गुरुवारी म्हने टीआरपी येते. ती उतरली का कोनीतरी जिन्यावरून पडते, चढली का पडलेला मानूस दवाखान्यातून वापस येते. एका गुरुवारी मी फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटून राह्यली होती, अन् तू म्हनला, टीआरपी एक पॉइंट चारवर आली वैभवी, लेकराचं काहीतरी करा लागन. सासूबाईनं आर्धं ऐकलं. शिवमले गोधडीत गुंडाळलं अन् भर उन्हात चंदाताईकडं, म्हंजे आमच्या गावच्या आशाताईकडं घेऊन गेल्या, का पोराची टीआरपी पाहा. चंदाताईनं काखेत थर्मामीटर लावलं. ताप नव्हता, लेकिन गोधडीत उकडून उकडून थोडा भरला.

आता रविवारच्या फोनचं सांगते. लग्न होऊन मी इकडं आली, तवापासून दर रविवारी तू फोन करे. 'सांग वैभवी, काय चालू हाय घरात. सासू काय म्हनली. मंग तू काय म्हनली. मंग तवा रडली का मंग रडली?' मी बाया-बायायत सांगो का माहा भाऊ लाखात एक हाय, कोनाचा भाऊ इतकं इचारते? सासूबाईनं तुपाची बरनी कुलपात ठेवली ते मी तुले सांगतलं. माहेरची साडी त्यायनं आपल्या पोरीले देली ते सांगतलं. डोहाळजेवनात माह्याच ताटात करंजी नव्हती ते बी सांगतलं. अन् दहा-बारा दिवसानं टीव्हीवर पुन्याच्या बंगल्यात हिऱ्याच्या कुड्या घातलेली सासू तुपाच्या बरनीले कुलूप लावून राह्यली. येवढ्या मोठ्या बंगल्यात, दोन गाड्या दारात, अन् तूप कुलपात. कोनाले खोटं वाटलं नाही. सासूबाई माह्या बाजूले बसून म्हनत, 'पाह्य माय, काय राकशीन बाई हाय. सुनेले तूप नाही देत.' अन् कमरेची किल्ली चाचपून पाहत.

हे असंच चाललं असतं. लेकिन तुनं एक दिवस त्या हिऱ्याच्या कुड्यावालीच्या तोंडी घातलं, 'तुही अक्कल काय शेलूबाजारच्या आठवडी बाजारात राह्यली का वो?' दादा, हे बोलनं बंद्या जिल्ह्यात एकच बाई बोलते, अन् ते बी मलेच बोलते, कावून का माहं माहेर शेलूबाजारचं. पुन्याच्या बंगल्यातल्या बाईले आमचा बाजार कसा माहीत झाला? मोलकरनीचे कागद अन् सासूचे कागद तू उलटेपालटे केले असशीन, जशा कैलासचंदजीच्या फायली केल्या होत्या. सासूबाई जाग्यावरून हालल्या नाही. जेवल्या नाही. मी म्हनलं आज माही पाठवनी होते. अन् सकाळी पाहते तर काय, बुढी नवं लुगडं नेसून गल्लीत, घरोघरी सांगून राह्यली, का टीव्हीवर माहं बोलनं लावतात, मुंबईचा एक लेखक माह्यावरच पोट भरते. तवापासून मले काही बोलाचं असलं का त्या आधी माह्या मोबाइलकडं तोंड करतात. बोलून झालं का इचारतात, 'हे चालते का पाह्य. नाही तर अजून कडक बोलतो.' आधी मी फुकटात शिव्या खाये. आता मी त्यायची तालीम हाय.

येवढं बंदं मी हासून सोडलं असतं. आता जे सांगते ते कोनालेच सांगतलं नाही.

शिवम झाला तवा मी बाळंतपनाले शेलूबाजारले होती, तू दोन दिवसाची सुट्टी काढून आला होता. पाचव्या दिवशी मायनं सटवाईसाठी पाट मांडला. हळद-कुकू, दिवा, बाजूले कोरा कागद अन् नवा पेन, का सटवाई येईन अन् लेकराच्या नशिबात काय हाय ते लिहून जाईन. संध्याकाळी तुह्या ऑफिसचा फोन आला, का सिरीयलमधे आता लेकरू आनाचं हाय, सकाळच्या आत गोष्टीचे टप्पे लिहून पाठव. तू बंद्या घरात कागद धुंडत होता. बाबाच्या घरात कागद कायचा असते, खताच्या पावत्या अन् लग्नाच्या पत्रिका. मी बाजीवर पडल्या पडल्या पाहून राह्यली होती, तू देवघराकडं गेला, अन् मले डुलकी लागली. पुढचं मले आता समजलं, का तुनं सटवाईचा कागद घेतला, तिच्याच पेनानं लिहिलं, मोबाइलात फोटो काढून पाठवला, अन् कागद गुपचूप पाटावर ठेवून देला. सकाळी उठून फेकून देईन म्हनला असशीन. लेकिन माय तुह्या आधी उठते.

मायले वाचता येत नाही. तिनं पाह्यलं, कागद भरला हाय. दादा, ती जी बाहेर पळाली ते पदर डोक्यावर राह्यला नाही. तिच्या बंद्या जिंदगीत, तिच्या मायच्या जिंदगीत, सटवाईनं कागदाले हात लावला नव्हता. आमच्या शिवमचं पुरं पान भरलं. गल्लीतल्या बाया पाया पडून गेल्या. एक बुढी म्हने, मोठा हाकीम होईन, येवढं लंबं नशीब कोनाचं नसते. मायनं त्याच्यावर हळद वाहिली, तेलाचं बोट लावलं, चौघडी करून पाळन्याच्या उशीत शिवून टाकलं. अन् तू, भार्गव, तिथंच उभा होता. एक शब्द तोंडातून काढला नाही. चहा बी पेला नाही, पहिल्या जीपनं पळाला. मी म्हनलं, भाऊ किती कामाचा मानूस हाय.

मी सासरी आली, उशी संग आली. दोन महिन्यामांगं लेकरानं उशी ओली केली, मी शिलाई उसवली, तवा कागद हाती आला. पहिल्या ओळीलेच तुहं अक्षर वयखलं. तुह्या 'ळ'ले शाळेपासून शेपटी हाय. जसंच्या तसं उतरवते:

१. बाळाला ताप. आई देवापुढे.
२. सासू घर सोडून जाते.
३. नवऱ्याचा अपघात. (हात की पाय, नंतर ठरवू.)
४. लाइट जाते. अंधारात कोणीतरी येतं. ब्रेक.
५. सासू रडते. खोटं.
६. आईला कोणी विचारत नाही.
७. बाळ

सातव्या ओळीत 'बाळ'च्या पुढं मायची हळद अन् तेल सांडलं हाय. बेसनाच्या वडीवानी पिवळा डाग. काही दिसत नाही.

आधी मी हासली. नशिबात ब्रेक असलेला माहाच पोरगा असन. मंग मोजाले लागली, अन् हासनं बंद झालं. ताप आला होता, लस टोचल्यावर. चंदाताईनं आधीच सांगतलं होतं का येईन, तरी मी देवापुढं बसली होती. सासूबाई घर सोडून गेल्या होत्या, कारंजाले पोरीकडं पंधरा दिवस. शिवमचे बाबा मोटारसायकलवरून पडले. (गाडी उभी होती. हे तिच्यावर बसून तंबाखू मळून राह्यले होते. हाताले लागलं. 'नंतर ठरवू' म्हनून तुनं जे सोडलं होतं, ते असं ठरलं.) लाइट गेली, ती तं रोज जाते, लेकिन त्या दिवशी अंधारात खरंच कोनी घरात आलं. चंदाताईची बकरी होती, भिजवलेली कनीक खाऊन गेली. सासूबाई रडल्या. खोटं का खरं, ते त्यायले इचाराची माही हिंमत नाही. अन् सहावी ओळ तं तुनं लिहिली नसती तरी खरीच होती, ते तुले दर रविवारी मीच सांगतलं होतं.

राह्यली सातवी. अन् तुह्या सिरीयलमधे पाळना रिकामा हालून राह्यला.

मले कळते दादा, हे येडेपनाचं हाय. नर्सबाई असं म्हनन, मास्तरीन असं म्हनन, तू बी असंच म्हनशीन. लेकिन नर्सबाईचं लेकरू त्या उशीवर झोपत नाही. मी आता त्याले मांडीवर झोपवते. पाळन्यात कांदे ठेवले हाय, का तो रिकामा दिसू नाही.

बाबाले मी कागदाचं बोलली नाही, फक्त जाहिरातीचं सांगतलं. बाबाच्या आधीचे दोन भाऊ तान्हेपनी गेले होते, म्हनून बाबाले जन्मल्याबरोबर उकंड्यावर, शेनकचऱ्याच्या ढिगात, लोळवलं अन् नाव उकंडा ठेवलं, का सटवाईनं नाक मुरडून पुढच्या घरी जावं. ते आज अडुसष्ट वर्षाचे हाय, दात बंदे शाबूत. ते म्हनले, 'भागवतले सांग, सिरीयलमधल्या लेकराचं नाव बदल, उकंडा ठेव, काही होत नाही त्याले.' चॅनलच्या बाईले चालन का ते इचार. लाल अक्षरात, 'उकंडाचं काय झालं?' टीआरपीचं मले माहीत नाही, लेकिन बाबा नक्की पाहतीन.

अन् अजून एक. गेल्या सोमवारपासून शेवटी पळनाऱ्या नावात भार्गव नाही. शिवमच्या बाबानं चार दिवस शूटिंग घेतलं, दाबून दाबून थांबवलं. त्या कोपऱ्यात आता 'प्रसेनजित' लिहून येते. मी म्हनलं दादानं अजून एक नाव बदललं असन. भागवतचा भार्गव झाला, भार्गवचा प्रसेनजित व्हाले काय लागते. सासूबाईनं मात्र ओळखलं, म्हने 'बोलनं बदललं वो. आता ती सासू माह्यावानी बोलत नाही, निरी पुस्तक वाचल्यावानी बोलते.'

तर तुले येवढंच मागते. तुह्या मोबाइलात त्या कागदाचा फोटो असन. सातव्या ओळीत 'बाळ'च्या पुढं काय लिहिलं होतं ते पाह्य अन् मले सांग. वाईट असन तरी सांग. अन् ते खोडून दुसरं लिही. तिकडं चॅनलची बाई रोज येवढं खोडते, तिले म्हन, माह्या बहिनीसाठी एक ओळ खोडा. तुहं काम गेलं असन तर गेलं. तुले कोनी हासनार नाही, कैलासचंदजी आजबी इचारतात का पोट्टा कसा हाय. (आता फायली तेच तपासतात.)

तुही लहान बहीन,
वैभवी

ता. क. सासूबाईचं म्हननं हाय का टीव्हीवरच्या सासूले शेवटी सुधरवू नको. सुधरली का लोक पाहत नाही. अन् शेवटच्या नावात 'ललिताबाई, किन्हीराजा' असं टाकाले सांगतलं हाय, जरा हळू पळवा म्हने.

ता. क. २. पत्र उद्या मालेगावले पोस्टात टाकाचं होतं म्हनून उघडंच ठेवलं होतं. आज गुरुवार. सकाळी शिवमले पेज चारून राह्यली होती तर चमचा टनकन् वाजला. दात आला. आठ दिवसापासून लाळ गळे, पदर चावे, ते त्याचंच होतं. मी हाक मारली, सासूबाई आल्या, ओठ वर करून पाह्यला. या वेळी मोबाइलकडं तोंड केलं नाही. वरचा हाय दादा. खालचा अजून नाही, वरचा आधी आला. सासूबाई हळूच म्हने, 'वरचा मामाले जड असते. त्याले म्हन, झबलं घेऊन ये, आपल्या हातानं घाल, मंग उतरते.' मी म्हनलं हे काही खरं नसते. त्या म्हने, 'नसते. तरी फोन लाव.' सत्ताविसावा लावला.

ता. क. ३. कागद वाचला. चंदाताईनं युक्ती सांगतली. तुहा हात जड हाय, पेन दाबून लिहितं, मांगून अक्षराचे उंचवटे येतात. शिवमचं काजळ बोटावर घेऊन मांगून अलगद फिरवलं अन् आरशात धरलं. डागाखाली लिहिलं हाय, 'बाळाला दात. वरचा. मामा संकटात.' बस. लेकराले काही नाही. पाळना रिकामा हाय तो कायले, ते प्रसेनजितले माहीत. चार दिवस मी ज्याच्यासाठी जागली, तो हे वाचून राह्यली तवा माह्या मांडीवर बसून तुहं कार्ड चावून राह्यला होता.

आठवी ओळ मी लय शोधली. पुऱ्या कागदाले काजळ फासलं. तुनं आठवी लिहिलीच नाही. मामाचं पुढं काय होते ते कुठंच नाही.

ता. क. ४. हे दादासाठी नाही, ऑफिसात जो कोनी लिफाफा उघडन त्याच्यासाठी हाय. प्रसेनजितभाऊ, तुमीच असान तर तुमाले नमस्कार. तुमच्यावर राग नाही, तुमचंबी कोनी घरी असन. लेकरू पाळन्यात वापस ठेवा का नका ठेवू, ते तुमचं तुमी पाहा. भागवत तिथं नसला तर हे पत्र त्याले पाठवत बसू नका, तेवढा टाइम नाही. त्याचा नंबर लिफाफ्याच्या मांगं लिहिला हाय, खाली माहा बी हाय. त्याले फोन लावा. तुमच्या ऑफिसातूनच लावा. आमचा नंबर दिसला का तो उचलत नाही, काय सांगाचं म्हनून. ऑफिसचा दिसला का पहिल्या घंटीले उचलन. काम हाय असं खोटं सांगू नका. शिवमले दात आला, वरचा, येवढंच म्हना. झबल्याचं त्याले माहीत हाय. अन् त्यानं उचलला, आवाज आला, का मले एक मिस कॉल द्या.